डाव्या बाजूची फुले

बारापैकी बारा दांड्या अण्णांनी डब्याच्या उजव्या बाजूला खोचल्या आणि डबा कलंडला.

पाणी टेबलावरून सतरंजीवर आणि सतरंजीवरून माझ्या पावलांपर्यंत आले. अण्णा शांतपणे म्हणाले, "डबा बोगस आहे."

"डबा चांगला आहे. तुम्ही सगळी फुलं एकाच बाजूला लावलीत," आई म्हणाली.

"सगळीकडं लावली मी."

"डावीकडं एक तरी आहे का?"

अण्णांनी आडव्या झालेल्या डब्याकडे पाहिले. नेमके सांगायचे तर डब्याच्या उजव्या अर्ध्या भागाकडे पाहिले. "जागा होती तिथं लावली," ते म्हणाले. "नसलेल्या जागेत कशी लावणार?"

या गोष्टीला आता एकोणीस वर्षे झाली. त्या वेळी माझे वडील एकाहत्तर वर्षांचे होते आणि चार आठवड्यांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागातील एक रक्तवाहिनी बंद पडली होती. डोळे निर्दोष होते. नेत्रतज्ज्ञाने तसे लिहून दिले होते. बिघाड डोळ्यांच्या मागे होता. जगाची डावी बाजू त्यांच्या लक्षातून पुसली गेली होती. अंधारात एखादी वस्तू दिसेनाशी होते तेव्हा ती तिथे आहे हे आपल्याला ठाऊक असते; त्यांच्या बाबतीत ती जागाच शिल्लक नव्हती. ताटातील उजवीकडची भाजी संपवून ते "आज वाढलंय कमी" म्हणत. अर्धीच दाढी करून कामाला लागत. वर्तमानपत्रातील मथळ्यांचे उजवे तुकडे वाचून संपादकाला मराठी येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. डावा हात जरा जड झाला होता, पण चालणे सुधारत होते. बोलणे शाबूत होते. बोलण्यातील तिखटपणाही.

आणि आपल्याला काही झाले आहे, हे त्यांना मान्य नव्हते.

मिरजेच्या आमच्या घरी मी रजा काढून आले होते. नोकरी पुण्यात, बियाणे परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. चारशे दाणे ओल्या कागदावर मांडायचे, ठरलेल्या दिवशी किती रुजले ते मोजायचे आणि तो आकडा लिहायचा, हे माझे काम. मोजणीच्या दिवसाआधी कोणी विचारले, "पीक कसं येईल?" तर आम्ही उत्तर देत नाही. हा स्वभाव मला नोकरीने दिला की या स्वभावामुळे नोकरी मिळाली, हे सांगता येणार नाही. अण्णा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षे त्यांनी तालुक्या-तालुक्यांत फिरून दुकानदारांचे तराजू तपासले. तेव्हा स्वभाव घरातूनच आला असण्याची शक्यता अधिक.

रुग्णालयातून घरी आल्यावर चौथ्याच दिवशी अण्णा स्वतःसाठी चहा करायला उठले. उजव्या शेगडीवर आधण ठेवले. डावी शेगडी आईने आधीच पेटवून ठेवली होती. त्यांच्या सदऱ्याची डावी बाही पेटली, आणि ते आधणात साखर घालत राहिले. कापड जळल्याचा वास आईला परसात आला. ती धावली म्हणून मनगटापासून कोपरापर्यंतच भाजले. मलमपट्टी करताना अण्णा त्या हाताकडे पाहून म्हणाले, "कुणाचा हात आहे हा? बिचाऱ्याला फार भाजलंय."

त्याच संध्याकाळी मी पुण्यातील एका शुश्रूषा केंद्रात दोघांसाठी एक खोली राखून ठेवली. चोवीस तास माणूस, दाराला उंबरा नाही, स्वयंपाकघर नाही. सव्वीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत होकार कळवायचा, नाहीतर खोली दुसऱ्याला. मिरजेचे घर कुलूपबंद होणार होते. आईने विरोध केला नाही. ती पोटमाळ्यावरचे डबे काढून पुसू लागली. सदतीस वर्षे ज्या घरात ती राहिली त्यातून जायची तयारी ती अशी करत होती, आणि प्रत्येक डबा पुसून परत पोटमाळ्यावरच ठेवत होती. अण्णा एवढेच म्हणाले, "मला कशाला कोंडताय? मला काय झालंय?"

फुलांची कल्पना रेवती आवटीची. ती घरी येऊन रुग्णांकडून रोजची कामे पुन्हा करवून घेई. वय असेल अठ्ठावीस. हातात कायम एक लाल पिशवी, आणि बोलण्याची पट्टी वरची.

"काका, उद्यापासून फुलं लावायची. एका भांड्यात, सगळ्या बाजूंनी."

"फुलं?" अण्णा दचकले. "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही, काका. घराला शोभा."

"शोभेला ही आहे की." ही म्हणजे आई. ती त्यांच्या उजव्या हाताला उभी होती. डावीकडे असती तर हे वाक्य तिच्या वाट्याला आले नसते.

दारात मी रेवतीला गाठले. "याने फरक पडतो, याला आधार काय?"

"काहींना पडतो, ताई. काहींना नाही."

"किती जणांना?"

"ते मला नका विचारू." ती हसली. "कवायत करायला सांगितली तर काका मला घरातून हाकलतील. फुलं निदान करून बघतील. आणि ताजीच आणा हं. प्लॅस्टिकची असली की माणूस मन लावत नाही."

'मन लावणे' हे कोणत्या एककात मोजतात, हे मी विचारले नाही.

दिवाणखान्यातील शोकेसमध्ये फुलदाणी होती, पण ती अण्णांच्या निवृत्तीची भेट. त्यात प्लॅस्टिकचे गुलाब होते, आणि आई ते वर्षातून एकदा साबणाने धुवत असे. "ती फुटली म्हणजे?" असे म्हणून तिने शेवयांचा उभट स्टीलचा डबा काढून दिला. तोच पहिल्या दिवशी कलंडला. दुसऱ्या दिवशी मी त्यात अर्ध्यापर्यंत ओली वाळू भरली. दांडी जिथे खोचावी तिथे उभी राहू लागली आणि डबा जागेवर राहिला.

फुले कोपऱ्यावरच्या दस्तगीर मोमीनच्या दुकानातून आणायची. ग्लॅडिओलसच्या दांड्या, त्याही शेंडे वाकलेल्या. गाडीत आडव्या पडून आल्या की त्यांचे शेंडे वरच्या दिशेने वळतात. फुलाला इजा काही नसते, पण सजावटवाले त्या घेत नाहीत. "न्या ताई, स्वस्तात देतो," दस्तगीर म्हणाला. "दिसायला वाकड्या आहेत, पाण्यात टाकल्या की आठ दिवस टिकतील." आठ नव्हे, पाच दिवस टिकल्या. त्या कोमेजल्यावर मी दुसऱ्या आणल्या. रोज डबा रिकामा करायचा, त्याच बारा दांड्या अण्णांच्या उजव्या हाताशी ठेवायच्या आणि त्यांनी त्या पुन्हा लावायच्या.

मी नियम केला. डब्याच्या मधोमध समोरून एक दोरा धरायचा, त्याच्या डावीकडे किती दांड्या आहेत ते मोजायचे आणि लिहायचे. सलग तीन दिवस किमान चार आल्या, तर पुण्याची खोली सोडायची. बाराला चार हा आकडा मी विचारपूर्वक निवडला होता. एखादी दांडी चुकून डावीकडे जाऊ शकते, चार जात नाहीत. हा नियम मी आईला समजावून सांगितला. ती माझी पहिली चूक.

दुसरी चूक अधिक शास्त्रीय होती. अण्णा फुले लावत असताना मी खोलीत असले की ते माझ्या आवाजाच्या रोखाने वळतात, हे माझ्या लक्षात आले. म्हणजे माझ्या उपस्थितीने निकाल दूषित होत होता. म्हणून चार ते पाच मी बाहेर फिरायला जाऊ लागले आणि परतल्यावर मोजणी करू लागले. सोबतीला खोलीत आई असायची. निकालात जिचे घर पणाला लागले होते तिला आत ठेवून मी स्वतःला बाहेर काढले, आणि या काटेकोरपणाबद्दल मनातून समाधानी होते.

पहिल्या सहा दिवसांचे आकडे: शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य.

बावीस तारखेला मी परतले तेव्हा डब्यात फुले दोन्ही बाजूंनी होती. दोरा धरला. डावीकडे चार.

"आई!"

"काय झालं?"

"चार आहेत."

"असतील की," आई भाजी निवडत म्हणाली. "माणूस रोज करतो तर येणारच."

तेवीसला पाच. चोवीसला चार. नियम पूर्ण झाला होता. आईने त्या रात्री शिरा केला. अण्णांनी वाटीतला उजवीकडचा शिरा खाल्ला आणि "एवढाच?" म्हणाले. आईने वाटी फिरवली. त्यांनी उरलेला खाल्ला.

मी आनंदी व्हायला हवे होते. झाले नाही. बियाणे असे रुजत नाही. आधी दोन-चार दाणे फुटतात, मग अधिक, मग बहुसंख्य. शून्य, शून्य, आणि एकदम पाच, असा आलेख दिसला की आम्ही आधी हे विचारतो की कागदाला कोणी हात लावला का. शिवाय बाकीचे सारे जसेच्या तसे होते. अण्णा न्हाणीघराच्या दाराच्या डाव्या चौकटीवर अजून आदळत होते. फक्त फुलांच्याच बाबतीत बरा होणारा मेंदू माझ्या वाचनात नव्हता.

पंचवीस तारखेला मी चारला बाहेर पडले आणि वीस मिनिटांत परतले. दिवाणखान्याची खिडकी व्हरांड्यात उघडते. पडदा अर्धा होता.

अण्णा टेबलापाशी बसले होते. उजवीकडे पाच दांड्या लावून झाल्या होत्या. आई पदराला हात पुसत आली, डबा दोन्ही हातांनी धरला आणि अर्धा वळसा फिरवला. लावलेली फुले अण्णांच्या डावीकडे गेली. उजवीकडे वाळू उघडी पडली.

"फुलं कुठं गेली गं?" अण्णांनी विचारले.

"आहेत. लावा तुम्ही."

"आत्ता लावलेली."

"आहेत म्हटलं ना. लावा पुढची."

अण्णांनी डब्याच्या काठावर बोट ठेवले, काही क्षण तसेच ठेवले, आणि मग पुढची दांडी उचलून उजवीकडे खोचली.

मी स्वयंपाकघराच्या दाराने आत गेले. आई आली तेव्हा मी उभीच होते.

"तू डबा फिरवतेस."

आईने नाकारले नाही. "मग? भुंडा दिसत होता. दारातून आलेल्या माणसाला आधी ती रिकामी बाजू दिसायची. घाटगे वहिनी मागच्या आठवड्यात म्हणाल्या, अर्धीच फुलं परवडली का?"

"आई, त्या डब्यावर आपण ठरवणार होतो, अण्णा इथं राहू शकतात की नाही. तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"म्हणजे ते चार, पाच, चार तुझे होते."

"मी एकही फूल लावलेलं नाही," ती ठामपणे म्हणाली. "सगळी त्यांनीच लावली. मी नुसता डबा फिरवला." मग कढईत उलथने फिरवत, माझ्याकडे न पाहता: "आणि तुझा आकडाही भरत होता."

"शेगडी कोण फिरवणार, आई? रस्ता कोण फिरवणार?"

तिने गॅस बंद केला. "मला नाही जायचं, विभा," ती म्हणाली. त्या पाच आठवड्यांत हे वाक्य ती प्रथमच उच्चारत होती. "पण ते परत भाजले, तर ते मी केलेलं असेल. तेही कळतं मला. तू उद्या नीट बघ. मी घाटगे वहिनींकडं जाऊन बसते. जे होईल ते होईल."

सव्वीस तारखेला पावणेचारला आई शेजारी गेली. मी दस्तगीरकडून नव्या बारा दांड्या आणल्या, त्यांची टोके कापली, डब्यातील वाळू सारखी केली आणि सारे अण्णांसमोर ठेवले. मग त्यांच्या मागे, भिंतीला टेकून खुर्चीवर बसले. न बोलता, न हलता.

अण्णांनी पहिली दांडी उचलली. उजवीकडे. दुसरी, तिसरी, उजवीकडे. एक हात वापरूनही त्यांचे काम नेटके होते. दांडी वाळूत टोचण्याआधी ते तिचा तोल बोटांवर अजमावत. नववी लावताना जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी ती आधीच्या दोन दांड्यांच्या मधे कोंबली. बारावी उजव्या कडेला लटकत राहिली. डावीकडे वाळू जशीच्या तशी होती.

शून्य. मी वही उघडली नाही. लिहिण्यासारखे काही नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सव्वीस मिनिटे झाली होती. पुण्याला फोन करायला सहापर्यंतचा अवधी होता, पण थांबण्याचे कारण उरले नव्हते.

मी उठणार तोच अण्णांनी काठावर बोट ठेवले. हलकेच दाबले आणि सोडले. डबा किंचित उजवीकडे झुकला आणि परत आला. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा सोडले.

"विभा, मागं बसलीयस ना?"

मी उत्तर दिले नाही.

"श्वास ऐकू येतोय मला. लपून तपासणी करायची तर आधी श्वास सांभाळावा. आम्ही सांभाळायचो."

"बसलेय, अण्णा."

"हल्ली हा डबा सरळ बसतो. आज कलतोय."

"का कलतोय?"

"का काय का? भार एका बाजूला आहे म्हणून." त्यांनी काठावर टिचकी मारली. "तुझी आई रोज मधेच येऊन याला काहीतरी करते. फुलं नाहीशी होतात. दोन दिवस मला वाटलं, ती काढून देवाला घालते. तिला बोललो नाही. पण फुलं नाहीशी झाली तरी हा हलका होत नाही. हात लावून बघितलं मी. उलट सरळ होतो."

मी खुर्ची पुढे ओढून त्यांच्या उजव्या बाजूला आले. "मग?"

"मग म्हणजे ती जातात कुठंतरी. इथंच, याच डब्यात." ते थांबले. बोलताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, एखाद्या दुकानदाराची चलाखी पकडताना पडत असतील तशा. "तराजूचं एक पारडं खाली गेलं, तर दुसरं रिकामं आहे असं म्हणतात. दुसरं नाहीच, असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर तो मूर्ख."

"तुम्हाला ते दुसरं दिसतंय का?"

पाच आठवडे मी, रेवतीने आणि डॉक्टरांनी या ना त्या शब्दांत हाच प्रश्न विचारला होता आणि पाच आठवडे एकच उत्तर मिळाले होते: सगळं दिसतंय.

"नाही," अण्णा म्हणाले.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"दिसत नाही, तर आहे कशावरून?" मी विचारले. हा प्रश्न चाचणीचा भाग नव्हता. मला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

"अगं, सांगतोय काय मघापासून? कललाय तो!"

त्यांनी उजव्या हाताने डब्याचा काठ पकडला आणि आईने फिरवला होता तसा, झटके देत, अर्धा वळसा फिरवला. बाराच्या बारा दांड्या त्यांच्या डावीकडे गेल्या. त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्या चेहऱ्यावर जे आले ते मी यापूर्वी कधी पाहिले नव्हते. अण्णा घाबरले होते.

"गेली," ते म्हणाले.

"कुठे?"

"तिकडं." तिकडे म्हणजे कुठे, हे त्यांना दाखवता येत नव्हते. उजवा हात टेबलावर तसाच पडून होता. मग तो उठला. डब्याच्या मधोमध आला, थांबला, आणि मधली रेघ ओलांडून डावीकडे गेला. परक्या घरात दिव्याचे बटण शोधताना हात भिंतीवर जसा सरकतो, तसा तो हवेत सरकत होता. डोळे मात्र उजवीकडेच खिळलेले. बोटे एका फुलाला लागली, दचकून मागे आली आणि पुन्हा पुढे गेली.

"आहेत," अण्णा म्हणाले. "विभा, आहेत इथं."

त्यांनी एक दांडी उपटली, ओढत उजवीकडे आणली आणि नजरेसमोर धरून बराच वेळ पाहिली. केशरी रंगाची होती. ती त्यांनी उजवीकडच्या वाळूत लावली. हात पुन्हा गेला. दुसरी आणली, तिसरी आणली. प्रत्येक वेळी हात आधीपेक्षा कमी चाचपडत होता, असे मला वाटले. पण याची नोंद माझ्याजवळ नाही, कारण मी मोजत नव्हते. ते दर खेपेला काठ दाबून पाहत आणि मान हलवत. काही वेळाने त्यांनी दाबले आणि डबा कोणत्याच बाजूला गेला नाही. तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

"झाला."

मग ते आपल्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे वळले. वळले म्हणजे आधी उजव्या हाताने तो शोधला, उचलला आणि समोर आणला. पट्टीच्या कडेने नवी गुलाबी कातडी दिसत होती.

"त्या शेगडीला पण दुसरी बाजू असणार," ते म्हणाले.

"आहे. ती पेटलेली होती."

"म्हणजे भाजला तो मीच."

"हो, अण्णा."

"आणि तुम्ही सगळे सांगत होता ते खरं होतं."

"हो."

"मग मला आधी का नाही कळलं?" असे त्यांनी विचारले असते तर माझ्याजवळ शास्त्रीय उत्तर होते. त्यांनी विचारले, "आणखी कशाकशाला दुसरी बाजू असेल? यादी करू या. दार?"

"आहे. चौकटीवर आदळता तुम्ही रोज."

"म्हणून खांदा दुखतोय होय! आणि मी गादीला शिव्या घालतोय." त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला; ती थोडीच वळली. "दिसणार नाही मला ते. पण दारात आलो की हात घालून बघायचं. पारडं असणारच, असं धरून चालायचं. लिही."

मी वही उघडली. मोजणीच्या रकान्यांवरून तिरपी रेघ मारली आणि लिहू लागले: दार, शेगडी, ताट, रस्ता, बूट, दाढी. "वर्तमानपत्र," अण्णा म्हणाले, आणि मग जरा ओशाळून, "संपादकाला उगाच बोललो."

पाच वाजून गेल्यावर आई आली. काय झाले हे तिने विचारले नाही. डब्याकडे पाहिले, सवयीने जवळ गेली आणि त्याला हात घातला.

"हात लावू नको," अण्णा म्हणाले. "फिरवून झालाय."

"कुणी फिरवला?"

"मी. तुला एकटीलाच येतं होय?"

आई माझ्याकडे पाहत राहिली. मी मान हलवली. ती खाली बसली, तिथेच, सतरंजीवर, आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ बसून राहिली. "रडते कशाला?" अण्णांनी विचारले. ती त्यांच्या डावीकडे बसली होती.

पुढची नऊ वर्षे अण्णा त्याच घरात राहिले. डावी बाजू त्यांना पूर्णपणे कधीच दिसली नाही. ती ते प्रत्येक वेळी शोधून काढत. अधूनमधून विसरत आणि आदळत. डावी शेगडी आम्ही दुसऱ्याच दिवशी काढून टाकली, रेवती आठवड्यातून चार वेळा येऊ लागली, आणि मी महिन्यातून दोनदा. पण त्या संध्याकाळी यातील काहीही मला ठाऊक नव्हते. ठरवलेला निकष फसला होता. जवळ होते ते एकच निरीक्षण, तेही साक्षीदाराविना. एका दाण्यावरून पोत्याचा दाखला देणाऱ्या माणसाला मी प्रयोगशाळेत उभे करणार नाही. तरीही साडेपाचला मी पुण्याचा क्रमांक फिरवला.

"बिडकर यांची खोली," मी म्हणाले. "नको आहे."

"रद्द करायची? बरं." पलीकडची बाई कागद चाळत होती. "कारण लिहावं लागतं, मॅडम. रुग्ण बरे झाले का?"

"नाही."

"दुसरीकडे हलवताय?"

"नाही. घरीच राहतील."

"मग काय लिहू?"

दिवाणखान्यातून अण्णांचा आवाज येत होता. ते आईला यादी वाचून दाखवायला सांगत होते, आणि ती प्रत्येक शब्दापाशी अडत होती, कारण माझे अक्षर वाईट आहे.

"आपल्याला काय दिसत नाही, ते त्यांना समजलं आहे," मी म्हणाले.

"असा रकाना नाही हो आमच्याकडं," ती बाई म्हणाली. "'इतर' मध्ये टाकू का?"

"टाका," मी म्हणाले.